बूच कधी काढायचे?

एप्रिल 2012 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन व्यापाऱ्यांना शातो लातूर या द्राक्षमळ्याकडून पत्र आले आणि पेठेत खळबळ उडाली. 2011च्या हंगामानंतर आमची वाइन ‘आं प्रिमर’ विकली जाणार नाही, असा त्याचा आशय होता. या जुन्या रिवाजात द्राक्षतोडणीनंतरच्या वसंतातच, वाइन अजून पिंपात असताना, तिचा सौदा होतो. पैसे आधी, बाटली दीड-दोन वर्षांनी; आणि ती पिण्याजोगी कधी होईल, हे गिऱ्हाइकाने आपल्या अकलेने ठरवायचे. लातूरने ही जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. माल आमच्या तळघरात राहील, मुरला असे वाटेल तेव्हाच बाहेर पडेल. त्याप्रमाणे 2012ची वाइन विक्रीला आली ती 2020 मध्ये.

जिरोंद खाडीच्या काठावर, पोइयाक येथे हा मळा आहे. 1855च्या प्रतवारीत ज्या चार घराण्यांना अव्वल स्थान मिळाले, त्यांतले हे एक. 1963 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले आणि 1993 मध्ये फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांनी विकत घेऊन परत फ्रेंच केले. मुख्य वाइनची द्राक्षे येतात ती ‘लांक्लो’ या 47 हेक्टरांच्या तुकड्यातून. वर गोटे, खाली चिकणमाती. पाणी जवळ असल्याने गारठ्याचा तडाखा कमी. वेली मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों या जातीच्या. या द्राक्षाची साल जाड, बी भरपूर, म्हणून तुरटपणा देणारे टॅनिनही भरपूर. लातूरची वाइन सावकाश वयात येते, असा लौकिक आहे तो यामुळेच.

वयात येणे म्हणजे काय, ते ग्लासात दिसते. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरतात आणि मधला गडद भाग सोडून कडेकडे पाहतात. कोवळ्या वाइनची कड जांभळी असते. पुढे ती लाल होते, मग विटकरी, आणि उतारवयात पिवळट तपकिरी. सालीतले रंगद्रव्य आणि टॅनिन यांचे रेणू वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटत राहतात, काही जड होऊन तळाशी बसतात. तो साका. जो रंग बाटलीच्या तळाशी गेला, तो वाइनमधून कमी झाला.

पण नुसत्या रंगावर विसंबू नये. खरी परीक्षा हिरड्यांवर होते. अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळून येते, तसे कोवळी लातूर करते. घोट तोंडात घोळवायचा आणि दोन गोष्टी ताडायच्या: तुरटपणा किती उरला आहे, आणि त्यामागे फळ किती उरले आहे. तुरटपणा ओसरतो तसे फळही ओसरत असते. दोन्हींची शर्यत चालू असते. फळ आधी संपले तर कितीही थांबा, हाती कोरडा काढा येतो. 1975च्या कित्येक बोर्दो वाइन याच वाटेने गेल्या. याउलट 1982ची वाइन कोवळेपणीच इतकी मऊ लागली की ती टिकणार नाही, असे काही जाणकार म्हणाले. अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिची बाजू घेतली आणि पुढच्या दशकांनी त्यांना खरे ठरवले. मऊपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, हा धडा त्या वर्षाने दिला.

आणखी एक घोळ असतो. बाटलीत भरल्यावर काही वर्षांनी चांगली वाइनसुद्धा गप्प होते. सुरुवातीचा फळांचा दरवळ गेलेला आणि देवदार, तंबाखू, चामडे, ओली माती हे उत्तरायुष्यातले वास अजून यायचे असतात. अशा वेळी बाटली उघडणारा तिला मेलेली समजतो. म्हणून एका चवीवर निकाल देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा वाइन विभाग 1966 पासून सांभाळणारे मायकल ब्रॉडबेंट यांनी हे आयुष्यभर पाळले. 1952 पासून ते टिपणवह्या ठेवत होते. त्याच वाइनकडे ते काही वर्षांनी पुन्हा जात आणि नवी नोंद करत. डझनाची पेटी घेण्यामागचा जुना हेतूही हाच. एक बाटली लवकर फोडायची, मग काही वर्षे जाऊ द्यायची, मग दुसरी. प्रत्येक बाटली उरलेल्यांची खबर देते. मात्र अर्ध्या बाटलीतली वाइन लवकर मुरते आणि दीड लिटरच्या मॅग्नममधली उशिरा, तेव्हा एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

जुनी बाटली उघडण्याची रीतही सबुरीचीच. एक-दोन दिवस ती उभी ठेवायची, म्हणजे साका खाली बसतो. बूच ठिसूळ झालेले असते, म्हणून मळसूत्र हळूच फिरवायचे. मग बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती लावून एका धारेत वाइन दुसऱ्या भांड्यात ओतायची. मानेत काळपट रेघ सरकताना दिसली की तिथेच हात थांबवायचा. फार जुनी वाइन ओतल्यावर ताटकळत ठेवू नये. तिच्यात उरलेला सुगंध थोड्या वेळात उडून जातो.

लातूरच्या निर्णयामागे भावाचे गणित नव्हते असे नाही. दीर्घकाळ राखलेल्या मालाला दामही तसाच लागतो. तरी मला तो निर्णय पटतो. बाटली कुठे, किती उष्णतेत राहिली यावर तिचे आयुष्य ठरते, आणि निम्म्या जगाच्या घरांत तळघर नसते. एक मात्र खरे, की काबर्नेप्रधान पोइयाकसाठी आठ वर्षे हे कोवळेच वय. बाहेर पडलेली बाटलीही आणखी थांबायला तयार असते.

पण थांबायला 12-13 अंशांची स्थिर थंडी आणि ओलसर हवा लागते. परदेशातून कुणी चांगली बोर्दो आणून दिली आणि ती पुण्यात किंवा नागपुरात फळीवर ठेवली, तर वैशाखाच्या उन्हात ती मुरत नाही, शिजते. वाइनसाठीचे खास कपाट नसेल तर पुढचा उन्हाळा लागण्याआधी ती उघडावी. आपल्याकडची खोली बोर्दोच्या मानाने गरम असते, म्हणून आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि पेल्यात 17-18 अंशांवर.