रंगाच्या आत काय आहे?

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचा विषय निघतो. भिंतीचा रंग चुकला तर तो पुढच्या वर्षी बदलता येतो. स्वयंपाकघरातल्या कपाटांचा चुकला तर मात्र तो रोज सकाळी चहाच्या वेळी आपल्याला वेडावून दाखवतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाने सुतारकामावर लिहावे हे जरा धाडसाचेच. पण पदरचे पैसे घालवून मिळवलेले शहाणपण वाटून टाकायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही.

२०१५ साली आम्ही ओट्याखालची कपाटे नवी करून घेतली. सौभाग्यवतींनी रंग पसंत केला, मी किंमत पसंत केली. पांढरीशुभ्र, आरशासारखी दारे पाहायला शेजारच्या काकू दोनदा चहाला आल्या. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचे दार लागेना. खालची कड पुरीसारखी फुगली होती आणि रंगाला पोपडे आले होते. उत्तरपत्रिका तपासून दोन वर्षे साठवलेली कमाई अशी पाण्यात गेली! मी रंगाऱ्याला नावे ठेवली. पण दोष रंगाचा नव्हताच. रंगाच्या आत काय आहे, हे मी विचारलेच नव्हते.

२०२३ मध्ये पुन्हा सुतार आला तेव्हा मी उत्साहाने रंगांचे कार्ड पुढे केले. तो म्हणाला, "सर, रंगाचं शेवटी बघू. आधी फळी ठरवा." त्याने तीन फळ्यांचे तीन तुकडे ठेवले. आईने ते रात्रभर पातेल्यात पाण्यात बुडवले. सकाळी पाहतो तो भुश्याच्या पार्टिकल बोर्डाचा तुकडा कडेने सुटू लागलेला, एमडीएफचा फुगलेला आणि मरीन प्लायवुडचा जसाच्या तसा!

"अरे, इतक्या मुलांचे निकाल लावतोस," आई म्हणाली, "हा निकाल आधीच का नाही लावलास?"

म्हणून एमडीएफ वाईट, असे मात्र नाही. लाकडाचे तंतू राळेबरोबर दाबून ही फळी करतात. तिच्या अंगावर रेषा नसल्याने रंग तिच्यावर सर्वांत नितळ बसतो. प्लायवुडच्या रेषा रंगातून वर उमटतात; त्यासाठी लांबी भरून पुन्हा पुन्हा घासावे लागते. तेव्हा कपाटांचा सांगाडा आणि सिंकखालची दारे मरीन प्लायवुडची, आणि वरच्या कोरड्या कपाटांची दारे एमडीएफची, असा आमच्या घरी तह झाला. प्लायवुड घेताना त्यावरचा आयएस ७१० हा शिक्का पाहावा. या प्रतीच्या प्लायवुडचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. 'एमआर' अक्षरांचे प्लायवुड दमट हवा सोसते, पाणी नव्हे. ते बैठकीच्या खोलीला ठीक.

आता रंग. ऑइल पेंट स्वस्त, ब्रशने लावता येणारा, आणि टवका उडाला तर रविवारी घरच्या घरी डागडुजी करता येणारा. मात्र त्याचा पांढरा रंग कालांतराने पिवळा पडतो, आणि बंद कपाटाच्या अंधारात तर अधिकच. ड्यूको हे १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी निघालेल्या रंगाचे नाव. ते आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडी कायमचे बसले. हा रंग झटपट वाळतो, पण त्याला टवके लवकर उडतात. पीयू दोन द्रव्ये मिसळून फवारतात. तो कठीण होतो, तेला-हळदीला पुष्कळ दाद देत नाही; पण महाग, फवारताना धूळ खपत नाही आणि ओरखडा बुजवणे अवघड. चकचकीत रंग पुसायला सोपा, पण बोटांचे ठसे नि फळीचे उंचवटे चहाडखोरासारखा सांगतो. मॅट ते झाकतो, पण फोडणीचा ओशटपणा धरून ठेवतो. आम्ही मधला, सौम्य चकाकीचा पीयू घेतला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दाराला सहा बाजू असतात. रंगारी समोरची मन लावून रंगवतो आणि जमिनीकडची कड कोरी ठेवतो. फरशी पुसताना पाणी तिथूनच चढते. दार लावण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे.

घरात आईचे जुने जाळीचे कपाट आहे. वडिलांनी सागवानाचे करून घेतलेले. ते मोडीत काढण्याचा बेत होता. सुतार त्यावर बोटाने टकटक करून म्हणाला, "हे फेकू नका, सर. आत सोनं आहे." पण त्याने एक बजावले: जुना रंग कोरडा घासायचा नाही. आपल्याकडे घरगुती रंगातले शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते किती असेल कोण जाणे! म्हणून धाकटीला दोन दिवस आत्याकडे पाठवले, कपाट गच्चीत नेले, पाणी लावून घासले आणि निघालेला गाळ कागदात बांधून टाकला.

आता त्या कपाटाला नव्या दारांचाच फिकट हिरवा रंग आहे. परवा चकल्या तळताना आईने त्यावर हात टेकला, मग पदराने ठसा पुसला. ठसा गेला. रंग राहिला.