समुद्रतळाचा शिधा आणि श्वास

समुद्रातील जीवसृष्टी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मासे येतात. परंतु शिंपले, तारामासे, स्पंज, प्रवाळ आणि चिखलातले असंख्य कृमी यांची वस्ती तळाशी असते. त्यांतील पुष्कळांना जागा सोडून जाता येत नाही. ही वस्ती एके ठिकाणी नाना जातींची, तर दुसऱ्या ठिकाणी चारदोन जातींचीच का? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पाण्याच्या प्रवाहांत आहे, आणि तेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रवाह तळाला तीन गोष्टी पुरवतात. पहिली अन्न. खोल तळावर ऊन पोचत नाही, म्हणून तेथे वनस्पती नाही. वरच्या थरात मेलेल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष खाली झिरपतात, तोच तळाचा शिधा. प्रवाह जोराचा असेल तेथे गाळ वाहून जातो आणि उघड्या खडकाला चिकटून स्पंज व प्रवाळ वाहते अन्न टिपतात. प्रवाह मंद असेल तेथे चिखल साचतो आणि बिळे करणारे कृमी नांदतात. दुसरी गोष्ट संततीचा प्रवास. एका जागी खिळलेल्या जीवांची सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर जाऊन नवी वसाहत करतात. तिसरी गोष्ट श्वास.

एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात असे मांडले की, सुमारे ३०० वावांखाली जीव नसावेत. १८७२ ते १८७६ च्या 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीत त्याहून कितीतरी खोलवर प्राणी सापडले. इतक्या खाली त्यांना प्राणवायू मिळतो कसा? अंटार्क्टिकाभोवतीचे पाणी थंडीने व खारटपणाने जड होऊन बुडते आणि वरची हवा आपल्याबरोबर खाली नेते. मग ते तळालगत उत्तरेकडे पसरते. हिंदी महासागराच्या अतिखोल तळावरील जीव शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेत बुडालेल्या या पाण्यावर श्वास घेतात.

आता आपल्या अरबी समुद्राकडे पाहू. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे सकस पाणी वर आणतात. त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे अमाप पीक येते. ते मरून खाली जाताना कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. उत्तरेस जमीन असल्यामुळे मधल्या थरातील पाणी लवकर बदलत नाही. म्हणून सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ उरत नाही. १९३३-३४ साली सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' जहाजावरून गेलेल्या जॉन मरे मोहिमेला या समुद्रात काही ठिकाणी जवळजवळ ओसाड तळ आढळला. पुढील संशोधनात ओमानजवळ अशा तळावर कृमींची दाट गर्दी दिसली, पण जाती अगदी थोड्या. आणखी खाली, प्राणवायू वाढतो तेथे, जातीही वाढतात.

कामगारांत वावरताना आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. कोठार भरलेले असणे पुरेसे नाही. कोंदट खात्यात भाकरी असूनही माणूस खंगतो. समुद्रतळाचे तसेच आहे. अन्नाची रेलचेल असूनही श्वास नसेल, तर काटक असे थोडेच टिकतात.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. १९६० ते २०१० या काळात जगातील समुद्रांचा प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला. तापलेले पाणी प्राणवायू कमी धरते आणि हलके असल्याने सहजी बुडत नाही. अंटार्क्टिकाचे बर्फ वितळून मिसळणारे गोडे पाणीही हे बुडणे मंदावते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागातही चढते. तेव्हा तळालगतचे मासे दूर जातात आणि शिंपल्यांसारखे जीव जागीच गुदमरतात. हे पाणी पसरले तर प्रथम चूल विझेल ती किनाऱ्यावरच्या कोळ्याची. म्हणून समुद्र तापवणारा धूर कमी करण्याच्या मागणीत शहरातल्या आपणा सर्वांचाही आवाज असला पाहिजे.