विद्यापीठांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर

डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात साकाई या विद्यापीठांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीची परिषद भरली होती. विद्यापीठांच्या संगणक विभागांतले प्रोग्रॅमर, प्राध्यापक, ग्रंथपाल असे सगळे जमले होते. पण त्या वर्षी लक्ष वेधून घेतलं ते दोन वकिलांनी. एक होते एबेन मॉग्लेन, कोलंबिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक आणि मुक्त सॉफ्टवेअरचे खंदे पुरस्कर्ते. दुसरे होते मॅथ्यू स्मॉल, ब्लॅकबोर्ड या कंपनीच्या कायदेविषयक कामाचे प्रमुख. वाद पेटंटचा होता.

ब्लॅकबोर्ड ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली विकणारी त्या काळातली सर्वांत बलाढ्य कंपनी. जानेवारी २००६ मध्ये तिला अशा प्रणालीवर अमेरिकी पेटंट मिळालं. एकच माणूस एका अभ्यासक्रमात शिक्षक आणि दुसऱ्यात विद्यार्थी असू शकतो, आणि त्यानुसार त्याचे अधिकार बदलतात, हा त्या पेटंटमधला एक महत्त्वाचा मुद्दा होता. विद्यापीठात काम केलेल्या कुणालाही ही रोजची गोष्ट वाटेल. जुलैमध्ये पेटंट मिळाल्याचं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात कंपनीने कॅनडातल्या डिझायर टू लर्न या स्पर्धक कंपनीवर दावा ठोकला. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यापीठांच्या पोटात गोळा आला. उद्या आपला नंबर लागला तर? परिषदेच्या काही दिवस आधीच साकाई, मूडल आणि एट्यूटर या तीन मुक्त प्रकल्पांच्या वतीने मॉग्लेन यांच्या संस्थेने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी दाखल केली होती. अशा तापलेल्या वातावरणात प्रतिपक्षाच्या वकिलाला आपल्याच व्यासपीठावर बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घेणं, ही त्या मेळाव्याची खरी ओळख. जानेवारी २००७ मध्ये पेटंट कार्यालयाने फेरतपासणी मान्य केली. फेब्रुवारीत ब्लॅकबोर्डने मुक्त सॉफ्टवेअरविरुद्ध हे पेटंट वापरणार नाही अशी जाहीर हमी दिली. २००९ मध्ये डिझायर टू लर्नच्या खटल्यात अपील न्यायालयाने पेटंटमधले वादातले दावे अवैध ठरवले.

साकाईची सुरुवात मात्र भांडणातून झाली नव्हती, एका साध्या हिशोबातून झाली होती. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांनी स्वतःपुरती एकेक प्रणाली लिहिली होती. मिशिगनचं शेफ, इंडियानाचं ऑनकोर्स, एमआयटीचं स्टेलर, स्टॅनफर्डचं कोर्सवर्क. चौघांकडे सूचनाफलक, चौघांकडे गृहपाठ जमा करण्याची सोय, चौघांकडे फाइली ठेवण्याची जागा. एकच काम चार ठिकाणी, चार वेळा पगार देऊन चाललेलं. दुसरा पर्याय कंपनीकडून परवाना घेण्याचा. म्हणजे दरवर्षी शुल्क भरायचं आणि हवा तो बदल होण्याची वाट बघत बसायचं. जानेवारी २००४ मध्ये या चार विद्यापीठांनी अँड्र्यू मेलन फाउंडेशनच्या सुमारे २४ लाख डॉलरच्या अनुदानावर एकच प्रणाली मिळून लिहायला घेतली. मिशिगनच्या जुन्या प्रणालीचं नाव शेफ होतं, म्हणून नव्या प्रकल्पाला ‘आयर्न शेफ’ या जपानी दूरचित्रवाणी मालिकेतले फ्रेंच पाककलेचे उस्ताद हिरोयुकी साकाई यांचं नाव दिलं गेलं.

इतर विद्यापीठांनाही दार उघडं होतं. वर्षाला १० हजार डॉलर भरून भागीदार व्हायचं आणि आपली माणसं कामाला लावायची. सॉफ्टवेअर घ्यायला मात्र पैसे लागत नव्हते. भागीदार नसलेल्यांनाही ते फुकट घेता येत होतं, बदलता येत होतं, अगदी विकताही येत होतं. मग १० हजार डॉलर कशासाठी? एकत्र बसून ठरवण्यासाठी. जून २००४ मध्ये डेन्व्हरला पहिली परिषद झाली, त्याच डिसेंबरात न्यू ऑर्लीन्सला दुसरी. पुढे बाल्टिमोर, ऑस्टिन, व्हँकूव्हर, अटलांटा. पहिली चार वर्षं ही मंडळी वर्षातून दोनदा भेटत राहिली.

या भेटींतून काय निपजलं ते साकाईच्या पडद्यावरच्या डावीकडच्या यादीत दिसतं. चाचण्या आणि प्रश्नमंजूषा घेण्याचं साधन स्टॅनफर्डने लिहिलं, त्याचं नाव सामिगो. गुणनोंदवही बर्कलीची. विकी केंब्रिजचं. मतचाचणीचं साधन केपटाउनहून आलं. कोणता विद्यार्थी किती वेळा येऊन गेला याची आकडेवारी दाखवणारं साधन पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या फर्नांदो पेसोआ विद्यापीठाचं. धड्यांची पानं रचण्याचं साधन न्यू जर्सीतल्या रट्गर्स विद्यापीठात वाढलं. विद्यार्थ्याला हे काहीच ठाऊक नसतं. तो एका बटणावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा खरं तर एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलेला असतो. एखाद्या कंपनीच्या उत्पादनात हे सगळं एकसारख्या रंगारूपात आलं असतं. साकाईत ते आलं नाही, आणि तक्रारीही पुष्कळ झाल्या. एका साधनातलं ‘जतन करा’ वर, दुसऱ्यातलं खाली. पण प्रत्येक साधन कुणातरी शिक्षकाच्या खऱ्या गरजेतून आलेलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस पुढच्या परिषदेत समोर भेटत होता.

परिषदेचं छापील वेळापत्रक असे. भाषणं, प्रात्यक्षिकं, शिक्षकांच्या अनुभवांची सत्रं. पण जास्त काम होई ते वेळापत्रकात नसलेल्या बैठकांत. चार जणांचा प्रश्न एकच निघाला की त्यांनी रिकामी खोली शोधायची आणि बसायचं. प्रश्नही वरवर किरकोळच. स्पेनमधला शिक्षक साडेसात गुण लिहिताना ७,५ असं लिहितो, कारण तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम चालतो; अमेरिकेत लिहिलेल्या गुणनोंदवहीला ते कळायला हवं. येइदा विद्यापीठाला सगळं कॅटलानमध्ये हवं, जपानी विद्यापीठांना जपानीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर प्रश्नपत्रिका नीट वाचून दाखवतं का, हे तपासणारा एक वेगळा गट होता. अशा प्रत्येक गोष्टीला सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत क्रमांक मिळे, आणि तो कुणाच्या तरी नावावर चढे. परिषदेत कॉफीचा कप हातात घेऊन दिलेला शब्द पुढच्या परिषदेपर्यंत पाळला नाही तर तोंड दाखवायची पंचाईत. करारातल्या कलमापेक्षा ही लाज जास्त कामाची ठरली, असं त्या काळातलं काम पाहिलं की वाटतं.

जून २००७ मध्ये परिषद अटलांटिक ओलांडून ॲम्स्टरडॅमला गेली, पुढच्या वर्षी पॅरिसला. अध्यापनातल्या कल्पक प्रयोगांसाठी पुरस्कारही त्याच सुमारास सुरू झाले. तोवर प्रोग्रॅमरांचं वर्चस्व असलेल्या मेळाव्यात शिक्षकांचा आवाज वाढला, आणि ते फार बरं झालं. प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे याच्याशी इतिहासाच्या प्राध्यापिकेला देणंघेणं नसतं. तिच्या दोनशे विद्यार्थ्यांनी चर्चेत भाग घेतला की नाही, एवढंच तिला हवं असतं.

मग अवघड वर्षं आली. २००८ च्या आसपास समुदायात एक विचार जोर धरू लागला की जुना सांगाडा बाजूला ठेवून सगळं नव्याने लिहावं. फेसबुकच्या काळात वाढलेल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमाच्या चौकटीबाहेरची, माणसांभोवती गुंफलेली प्रणाली. आधी तिला साकाई ३ म्हणत, पुढे ओएई. केंब्रिज, बर्कली, न्यूयॉर्क, मिशिगन, इंडियाना अशा मोठ्या नावांनी माणसं आणि पैसा लावला. पण माणसं तीच, आणि आता घोडे दोन. जुन्या साकाईतल्या चुका दुरुस्त करणारे हात कमी पडू लागले, नवं वेळेत पुरं होईना. २०१२ मध्ये मिशिगन आणि इंडियाना ओएईतून बाहेर पडले. विद्यापीठांच्या एकजुटीत ही एक मोठी कमजोरी असते. प्रत्येक सदस्याचं अंदाजपत्रक वेगळं, कुलगुरू वेगळे, आणि सगळ्यांचं भलं म्हणून एखादी गोष्ट मान्य करणारे आपल्याच विद्यापीठात परतल्यावर तिच्यासाठी चार प्रोग्रॅमर देऊ शकतीलच असं नाही.

त्याच सुमारास बाहेरही चित्र पालटत होतं. कॅनव्हास ही नवी प्रणाली आली. तिचा गाभा मुक्त होता, पण चालवण्याची जबाबदारी कंपनी घेत होती. २०१४ मध्ये मिशिगन आणि इंडियाना युनिझिन या विद्यापीठ-संघाचे संस्थापक सदस्य झाले आणि कॅनव्हासकडे वळले. स्टॅनफर्डही पुढे तिकडे गेलं. ज्यांनी पाया घातला त्यांच्यातल्या बहुतेकांनी घर सोडलं. साकाईच्या टीकाकारांनी याला अपयश म्हटलं, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. तरी हिशोब तेवढ्यावर संपत नाही.

एक तर या लोकांनी संस्था टिकवली. डिसेंबर २०१२ मध्ये साकाई फाउंडेशन आणि विद्यापीठांसाठीच मुक्त सॉफ्टवेअर करणारी जासिग ही संस्था एकत्र आल्या आणि अपेरिओ फाउंडेशन तयार झालं. २०१३ पासून परिषदही ‘ओपन अपेरिओ’ झाली. सॅन दिएगो, मायामी, न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल असा तिचा प्रवास चालू राहिला. साकाईसोबत तिथे येल विद्यापीठात जन्मलेलं कॅस भेटतं, म्हणजे एकदा पासवर्ड टाकून विद्यापीठाच्या सगळ्या सेवांत शिरण्याची सोय; तसंच व्याख्यानांचं ध्वनिचित्रमुद्रण सांभाळणारं ओपनकास्टही.

दुसरी गोष्ट चार्ल्स सेव्हरन्स या माणसाभोवतीची. कोर्सेरावर ‘पायथन फॉर एव्हरीबडी’ हा अभ्यासक्रम केलेले आपल्याकडचे विद्यार्थी त्यांना डॉक्टर चक म्हणून ओळखतात. साकाईचे ते पहिले मुख्य रचनाकार आणि पुढे फाउंडेशनचे कार्यकारी संचालक. बाहेरचं कोणतंही शैक्षणिक साधन कोणत्याही प्रणालीत जोडता यावं, यासाठी एलटीआय नावाचं मानक घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने मूडलमध्ये बाहेरची प्रयोगशाळा जोडली आणि विद्यार्थ्याचे गुण आपोआप परत आले, तर त्यामागे हेच मानक असतं. साकाईचं चिन्ह सेव्हरन्स यांनी अंगावर गोंदवून घेतलं आणि हे मानक स्वीकारणाऱ्या प्रतिस्पर्धी प्रणालींची चिन्हं त्याभोवती कडं करून गोंदवली. त्या कड्यात ब्लॅकबोर्डही आहे. २०१२ मध्ये तर ब्लॅकबोर्डनेच त्यांना साकाईच्या कामासाठी नेमलं. अटलांटाच्या त्या परिषदेला तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती.

महाराष्ट्रात साकाईपेक्षा मूडल अधिक ओळखीचं. आयआयटी मुंबईत ते रुळलेलं आहे, आणि तिथलंच आयआयटीबॉम्बेएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ ओपन एडएक्स या मुक्त प्रणालीवर उभं राहिलं. पण २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकावर नेली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा साकाईच्या गोष्टीतून पुढे येणारा प्रश्न इथेही विचारण्यासारखा होता: ही प्रणाली आतून समजणारी किती माणसं विद्यापीठाच्या स्वतःच्या नोकरीत आहेत? फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेणं सोपं आहे. ते समजून घेऊन दुरुस्त करणारा आणि ती दुरुस्ती इतरांकडे पाठवणारा माणूस नेमायला अंदाजपत्रकात जागा लागते, आणि त्याला परिषदेला पाठवायला प्रवासभत्ताही.

साकाईच्या आवृत्त्या येतच राहिल्या. २.९ नंतर २०१४ मध्ये थेट १०, १२ नंतर वर्षाचा आकडा घेऊन १९. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातलं पोलिफॉर्मात आणि मुर्सिया विद्यापीठाचं आउला व्हिर्तुआल साकाईवर उभी राहिली, जपानमध्ये क्योतो विद्यापीठाने आपल्या साकाईला पांडा हे नाव दिलं. संस्थापकांतले बहुतेक गेले तरी त्यांनी लिहिलेला कोड या विद्यापीठांच्या हाती राहिला. तो वापरत राहायला त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही.