विश्लेषण : आजार लष्करी सेवेमुळे झाला नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

भरतीच्या वेळी ठणठणीत असलेला जवान काही वर्षांनी आजारी होऊन घरी परततो. वैद्यकीय मंडळ २० टक्के अपंगत्व ठरवते. पण ‘आजार सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही’ असा शेरा मारते आणि अपंगत्व निवृत्तिवेतन अडते. अपंगत्व मान्य, पैसे अमान्य!

धरमवीर सिंग यांच्याबाबत हेच झाले. १९८५ मध्ये ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाले. फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये त्यांना सेवा सोडावी लागली. आजार मूळ प्रकृतीतलाच, असे मंडळाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ते अमान्य केले. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला, असे गृहीत धरायचे. तसे नसल्यास सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. मंडळाने कारणेही द्यायला हवीत. नुसता शेरा पुरत नाही.

तरीही दावे थांबलेले नाहीत. त्यातच सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले; ते पूर्वलक्षी नाहीत. महाराष्ट्र, गोव्यातील माजी सैनिकांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : सेवा कोणत्या तारखेला संपली आणि भरतीच्या वैद्यकीय कागदांत काय लिहिले आहे.