गुडघ्यावरची पेटी

ब्युनॉस आयर्सला जाऊन आलेला मनुष्य तेथल्या रुंद रस्त्यांच्या गोष्टी सांगतो. मीही सांगेन. ‘नऊ जुलै’ नावाचा राजरस्ता ओलांडताना मध्येच दिवा बदलला आणि वाहनांच्या दोन पुरांमध्ये मी ताटकळत उभा राहिलो. तेथला १९३६ सालचा मनोराही मान वर करून पाहिला. पण पेशा पडला संगीत-शिक्षकाचा, तेव्हा पाय वळले कोलोन नाट्यगृहाकडे.

ही वास्तू पुरी व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. दोन शिल्पज्ञ काम अर्धे टाकून निवर्तले, तिसऱ्याने ते तडीस नेले. २५ मे १९०८ रोजी व्हेर्दीच्या ‘आयदा’ने पडदा उघडला. नालेसारखे वळलेले प्रेक्षागृह, सज्जावर सज्जे, आणि अगदी माथ्यावरच्या स्वस्त जागेचे नाव ‘स्वर्ग’! मला राहवेना. हलकेच षड्ज लावला. माहिती सांगणाऱ्या बाईंनी डोळे वटारले, पण स्वर मात्र काठोकाठ भरून परत आला. वडील दरबारात ध्वनिक्षेपकाशिवाय गात. त्यांना ही जागा पसंत पडली असती.

दुसऱ्या दिवशी जे ऐकले, ते मात्र त्यांना मुळीच रुचले नसते. रविवारी सान तेल्मोच्या दोर्रेगो चौकात जुन्या चीजवस्तूंचा बाजार भरतो. तेथे एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यावर बांदोनेऑन घेऊन टँगो वाजवीत होते. हे वाद्य जर्मनीचे. आपल्या पेटीचे चुलत भावंडच म्हणा ना. पेटीला मींड नाही, म्हणून वडिलांनी ती कधी साथीला घेतली नाही. सारंगीवाचून ते गायला बसत नसत, आणि मी पेटीच्या शिकवण्या धरल्या तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढले, हा दाखला त्यांच्या तोंडी कायम असे. १९७१ साली ती परत आली, हे मात्र ते सांगत नसत.

मींड बांदोनेऑनलाही नाही. पण हे गृहस्थ भाता संथपणे ओढीत, लयीच्या किंचित मागे रेंगाळत, आणि मग हवेची कळ दाबून तो झटकन मिटवीत. गवयाने तान संपवून दम घ्यावा, तसा. स्वर वाकत नव्हता, काळ वाकत होता. वीस वर्षे पेटी शिकवून ही गोष्ट मी एकाही विद्यार्थ्याला सांगितलेली नाही.

वाजवणे थांबल्यावर त्यांनी वाद्य माझ्या मांडीवर ठेवले. एक कळ दाबून भाता ओढला, तर एक सूर. तीच कळ दाबून मिटला, तर दुसराच! माझी बोटे गांगरली आणि ते खळखळून हसले. वाद्य कोठून आणले, असे मी पुतण्यामार्फत विचारले. लांबलचक उत्तरातला ‘पाद्रे’ एवढाच शब्द मला कळला. तो वडिलांविषयीचा आहे, हे पुतण्याने सांगण्याची गरज पडली नाही.