विश्लेषण : इंजिनीअरिंग कॉलेजच्या भिंतीवरचे ते १२ मुद्दे पदवीपर्यंत खरेच अंगी येतात का?

इंजिनीअरिंग कॉलेजात चार वर्षे काढलेल्या बहुतेकांना तो बोर्ड आठवत असेल. विभागाच्या दारातून आत शिरले की समोर ‘व्हिजन’, ‘मिशन’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रोग्रॅम आउटकम्स’, म्हणजेच पीओ. मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की बोर्ड पुसला जातो, कधी कधी नवाही बसतो. त्याच बोर्डाखाली बसून विद्यार्थी सबमिशनच्या फायली पुऱ्या करतात, पण त्यावर काय लिहिले आहे ते क्वचितच कोणी वाचतो. पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थ्याला काय काय यायला हवे, याची यादी मात्र तिथेच लावलेली असते. आणि तिचा अर्ध्याहून अधिक भाग इंजिनीअरिंगच्या पुस्तकांबाहेरचा आहे.

हे मुद्दे आले कुठून?

एका देशाची इंजिनीअरिंग पदवी दुसऱ्या देशात समकक्ष धरली जावी, यासाठी १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील संस्थांनी ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ हा करार केला. भारत जून २०१४ मध्ये त्याचा कायम सदस्य झाला. भारताच्या वतीने हे काम नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, अर्थात एनबीए पाहते. एआयसीटीईने १९९४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था २०१० पासून स्वायत्त आहे. एनबीए आणि नॅक यांत अनेकांचा गोंधळ होतो. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे. त्यामुळे एकाच कॉलेजातील मेकॅनिकल शाखेला एनबीए मान्यता असते आणि शेजारच्या आयटीला नसते, असे घडू शकते.

कराराची मुख्य मागणी अशी की, कॉलेजात किती यंत्रे आणि किती पुस्तके आहेत एवढे मोजून थांबू नका, बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय करता येते ते दाखवा. १२ मुद्दे त्यातूनच आले.

यादीत आहे तरी काय?

पहिले पाच मुद्दे तांत्रिक आहेत. विषयाचे ज्ञान, समस्येचे विश्लेषण, डिझाइन, प्रयोग करून निष्कर्ष काढणे आणि आधुनिक साधनांचा वापर. उरलेले सात म्हणजे समाजाप्रती जबाबदारी, पर्यावरण, नीतिमूल्ये, एकट्याने व गटात काम करणे, संवाद, प्रकल्प व्यवस्थापन आणि आर्थिक भान, आणि आयुष्यभर शिकत राहण्याची तयारी. एनबीएच्या सुधारित आराखड्यात समाज आणि पर्यावरण हे दोन मुद्दे एकत्र करण्यात आल्याने आता यादी ११ वर आली आहे. शिकत राहण्याच्या मुद्द्यात नव्या तंत्रज्ञानाशी जुळवून घेणे आणि चिकित्सक विचार यांचीही भर पडली आहे. जुने बोर्ड मात्र अजून अनेक ठिकाणी १२ चेच आहेत.

संवादकौशल्य म्हणजे इंग्रजी का?

कॅम्पस मुलाखतींच्या तोंडावर ‘कम्युनिकेशन’चा अर्थ फाडफाड इंग्रजी असाच घेतला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली मुले याच धास्तीने ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प राहतात. मूळ मुद्द्यात मात्र इंग्रजीचा उल्लेखच नाही. अहवाल समजून घेणे आणि लिहिणे, डिझाइनची कागदपत्रे तयार करणे, सादरीकरण करणे, सूचना नीट देणे आणि नीट घेणे एवढेच तिथे म्हटले आहे. सुधारित मसुद्यात तर सादरीकरण करताना समोरच्यांच्या भाषेतील फरकाचा विचार करावा, असेही नमूद आहे. साइटवरच्या फोरमनला ड्रॉइंग मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगता येणे हेही या व्याख्येत चपखल बसते. अर्थात इंग्रजी वाचता-लिहिता येण्यावाचून या क्षेत्रात निभाव लागणे कठीण, हेही तितकेच खरे. पण न कळलेली गोष्ट ‘कळली नाही’ असे सांगता येणे हे वेगळे कौशल्य आहे आणि कोणत्याही भाषेत ते शिकावेच लागते.

मग ही कौशल्ये मोजतात कशी?

खरी मेख इथे आहे. प्रत्येक विषयाचे साधारण चार ते सहा ‘कोर्स आउटकम्स’ (सीओ) ठरवले जातात. मग एका तक्त्यात, कोणता सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो, याचे ३, २ किंवा १ असे आकडे भरले जातात. ३ म्हणजे घट्ट संबंध, १ म्हणजे जेमतेम. संबंध नसेल तिथे रेघ. त्यानंतर चाचण्या आणि विद्यापीठ परीक्षेतील गुणांवरून सीओ किती साध्य झाला ते काढतात आणि तेच आकडे तक्त्यातून पीओकडे वळवतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सीओसमोर ‘संवाद’ या पीओखाली १ लिहिले आहे. परीक्षेत मुलांनी चांगले गुण मिळवले आणि सीओची पातळी ३ पैकी २.४ आली. आता २.४ ला १ ने गुणून ३ ने भागले की ०.८ उरतात. विषयाच्या नावावर संवादकौशल्याचे ०.८ जमा झाले. पण ज्या पेपरातून ते आले, त्यात मुलांनी के-मॅप सोडवले आणि फ्लिप-फ्लॉपच्या आकृत्या काढल्या. कोणी कोणाशी चकार शब्द बोलले नाही. गणित बरोबर आहे, तरी मोजले गेले ते भलतेच.

याला जोड म्हणून शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांकडून ‘एक्झिट सर्व्हे’ भरून घेतला जातो. मोबाइलवर फॉर्म उघडायचा, १ ते ३ पैकी एका आकड्यावर टिचकी मारायची. ‘नो ड्यूज’च्या घाईत बहुतेक जण सरसकट ३ देऊन मोकळे होतात. यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण तासिका, पेपर तपासणी आणि प्रवेशाची कामे सांभाळून तेच हे तक्ते रात्री बसून भरत असतात. एकेका मुलाला बोलते करून त्याची नोंद ठेवायची, तर ६० जणांच्या वर्गाला वेळ आणायचा कुठून?

खरी परीक्षा कुठे होते?

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. यादीतले गटकार्य, खर्चाचा अंदाज, वेळेचे नियोजन, अहवाल आणि सादरीकरण हे सगळे एकदम लागते ते इथेच. म्हणूनच तिथली पळवाट सर्वांत महाग पडते. चौघांच्या गटात एक जण कोड लिहितो, दुसरा ब्लॅक बुकचे फॉरमॅटिंग करतो, तिसरा स्लाइड्स बनवतो आणि चौथा फक्त हजेरी लावतो, हे चित्र नवे नाही. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्यात एआयची भर पडली आहे. कोड चालतो, पण का चालतो ते सांगता येत नाही.

ओरलला आलेला बाहेरचा परीक्षक म्हणूनच एक साधा प्रश्न विचारतो, ‘यात तुझे काम कोणते?’ तिथे गडबडलेला मुलगा मुलाखतीतही याच प्रश्नावर अडकतो. दर आठवड्याचे लॉगबुक शेवटच्या रात्री एकाच पेनाने न भरता त्या त्या वेळी लिहिले, काय फसले आणि त्यानंतर काय बदलले याची दोन ओळींत नोंद ठेवली, तर या प्रश्नाचे उत्तर आयते हाताशी असते. त्यासाठी कॉलेजची परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

प्रवेश घेताना काय पाहावे?

कॉलेजच्या बॅनरवर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ एवढेच लिहिलेले असेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. मान्यता आपण घेणार त्याच शाखेला आहे का, तिची मुदत कधी संपते आणि ती टिअर-१ आहे की टिअर-२. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांसाठी टिअर-१, तर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी टिअर-२ असते. वॉशिंग्टन अकॉर्डखाली ग्राह्य धरले जातात ते फक्त टिअर-१ अभ्यासक्रम. परदेशात पुढे व्यावसायिक नोंदणी करायची असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी एनबीएच्या संकेतस्थळावर पाहता येते.