किल्ली आधी, कुलूप नंतर

परिणाम कळला म्हणजे प्रयोजन कळलं का? या प्रश्नासाठी आज एक उदाहरण घेऊ, शरीरशास्त्रातलं.

मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. वाढीचं संप्रेरक ती सोडते, तेही अधूनमधून, झोताझोतानं. अमेरिकेत सिरिल बॉवर्स १९७०च्या दशकात एन्केफॅलिन या मेंदूतल्या मॉर्फिनसदृश पेप्टाइडची रचना बदलून पाहत होते. त्यातल्या काही बदललेल्या रूपांत मॉर्फिनचा गुण उरला नाही, पण पीयूषिकेतून वाढीचं संप्रेरक बाहेर पडू लागलं. यातूनच पुढे सहा अमिनो आम्लांचं 'जीएचआरपी-६' तयार झालं. उंदरांवर ते परिणामकारक ठरलं. मेंदूचा स्वतःचा संदेशवाहक 'जीएचआरएच' १९८२ मध्ये सापडला होता. दोन्ही एकत्र दिली की परिणाम बेरजेहूनही जास्त! म्हणजे या पेप्टाइडचा मार्ग निराळाच होता.

किल्ली हातात होती, कुलूप कुठंय? ते, म्हणजे पेशीवरचा ग्राही, १९९६ मध्ये सापडलं. आणि निसर्गाची मूळ किल्ली? ती १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या जठरात मिळाली: घ्रेलिन. पुढे कळलं की घ्रेलिन भूकही चाळवतं.

बघा, आपण मोजलं वाढीचं संप्रेरक, म्हणून नावही तेच दिलं. शरीर मात्र त्याच कुलपानं भुकेचंही दार उघडत होतं. आज अशी पेप्टाइडं स्नायू वाढवायला विकली जातात. खेळाडूंना ती निषिद्ध आहेत. कुपीवरचं नाव म्हणजे आपण विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. शरीराला ते सगळेच प्रश्न विचारतं.